नाटक शिकायचंय, पण… : सहा ते शहात्तर वयाच्या लोकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही हौशी नाटकवाले. दिवसा नोकरी-धंदा, रात्री तालीम आणि मे महिन्यात शिबिरं. वर्षभर लोक जे विचारत राहतात, ते इथे एकत्र केलं आहे. मे महिन्यात आईबाबा विचारतात, दिवाळीनंतर स्पर्धेत उतरू पाहणारी मुलं विचारतात, आणि निवृत्तीच्या आसपास काका-काकूंचे फोन येतात. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ आला तर तिकडे उडी मारा.

1. मला नाटकातलं काहीच येत नाही. सुरुवात कुठून करू?

तालीम बघण्यापासून. प्रयोग सगळेच बघतात, पण नाटक कसं उभं राहतं ते प्रयोगात दिसत नाही. जवळच्या एखाद्या हौशी संस्थेला विचारा, "चार संध्याकाळ मागे खुर्ची टाकून बसू देता का?" बहुतेक जण हो म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी चहा सांगायला पाठवतात. खुशाल जा.

तालमीचा क्रम साधारण सगळीकडे सारखाच. आधी वाचनं होतात. सगळे गोल बसून संहिता वाचतात, भूमिका ठरतात, एखाद्या वाक्यावर अर्धा तास वाद होतो. मग उभ्या तालमी. हातात वही, जमिनीवर खडूने आखलेला दरवाजा, सोफ्याच्या जागी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. एक दिवस दिग्दर्शक सांगतो, "उद्यापासून वह्या बंद." त्या उद्याच्या दिवशी सगळ्यांचं नाटक कोसळतं. कालपर्यंत झोकात बोलणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. तिथून पुढच्या आठवड्यात ते पुन्हा कसं जुळत जातं, तेवढं बघितलंत तरी पुष्कळ कळेल.

संस्था माहीत नसेल तर राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला जा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही हौशी मराठी नाटकांची स्पर्धा बऱ्याच शहरांतल्या केंद्रांवर होते, तिकीटही खिशाला परवडणारं असतं. प्रयोग संपल्यावर मागच्या दाराशी थांबा. सेट टेम्पोत चढवणाऱ्या लोकांना हात लावू लागलात की ओळख झालीच.

2. मुलांना कितव्या वर्षी नाट्यशिबिरात घालावं?

आमच्याकडे सहा पूर्ण झालेल्यांना घेतो. त्याआधी घरी गोष्ट सांगा आणि मुलालाच त्यातला वाघ होऊ द्या, एवढं पुरे. सहा ते नऊच्या मुलांना संहिता देत नाही, खेळ देतो. दहाच्या पुढे छोटे प्रवेश. तेरा-चौदाच्या पुढे मुलं स्वतःच लिहायला लागतात, आणि ते मोठ्यांनी लिहून दिलेल्यापेक्षा अनेकदा बरं असतं.

शिबिराआधी त्यांना चांगलं बालनाट्य दाखवा, हा मात्र आग्रह. मराठीत याची परंपरा मोठी आहे. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये लिटल थिएटर सुरू केलं आणि मुलांचं नाटकही मोठ्यांच्या नाटकाइतक्याच तयारीने, नेपथ्य-प्रकाशाच्या इतमामाने करायला घेतलं. पुढे रत्नाकर मतकरींनी राक्षस आणि चेटकिणींना रंगमंचावर हक्काची जागा मिळवून दिली. 1986 पासून पुण्यात डॉ. मोहन आगाशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत रुजवली. तिच्यात राजे-पऱ्या नसतात. भांडणारे आईबाबा, शाळा, शेजार असे विषय असतात आणि मुलांची कामं मोठी माणसं करतात. पस्तिशीतला नट हाफपँट घालून हट्ट करतो आणि पहिल्या रांगेतलं मूल त्याला आपल्यातलाच मानतं. हे एकदा बघितलेलं मूल शिबिरात येतं तेव्हा अभिनय म्हणजे हातवारे करत कविता म्हणणं, ही समजूत घरी ठेवून येतं.

3. शिबिराच्या शेवटी नाटक होणार नसेल तर फी कशाची घेता?

दर मे महिन्यात हे ऐकतो. दहा दिवसांत चाळीस मुलांचं नाटक बसवायचं म्हटलं की काय होतं ते बघून ठेवा: आवाज आधी रेकॉर्ड केलेला, मुलं फक्त ओठ हलवतात, पहिल्या रांगेत तीन गोरीगोमटी, मागे सदतीस झाडं. व्हिडिओ छान येतो. शिकणं शून्य.

त्याऐवजी आम्ही आरशाचा खेळ घेतो. दोघं समोरासमोर उभे. एक हात हलवतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब होतो. दोन मिनिटांनी सांगतो, आता पुढे कोण, मागे कोण ते ठरवायचंच नाही. मुलं आधी खिदळतात, मग गप्प होतात, आणि खोलीत एकदम शांतता पसरते, कारण आता समोरच्याकडे खरोखर बघावं लागतं. रंगमंचावर समोरच्याचं ऐकणं यायला मोठ्यांना वर्षं लागतात. त्याची सुरुवात अशी होते. शेवटच्या दिवशी पालकांना हेच खेळ दाखवतो, जमलं तर त्यांनाही खेळायला लावतो. ज्यांना व्हिडिओच हवा असतो ते पुढच्या वर्षी दुसरीकडे जातात. आमची हरकत नाही.

4. मुलगी फार लाजाळू आहे. नाटकाने ती धीट होईल ना?

कदाचित होईल, पण "धीट करा" म्हणून आमच्या ताब्यात देऊ नका. लाजाळू मुलाला पहिल्याच आठवड्यात मधोमध उभं केलं तर ते कायमचं दुरावतं. अशांना आम्ही आधी घोळक्यातली कामं देतो, नाहीतर मागची (प्रश्न 7). पडदा ओढणाऱ्या मुलीलाही सगळं नाटक पाठ होतं, आणि एखाद दिवशी कुणी आलं नाही की तीच म्हणते, "मी करू?"

अडखळत बोलणाऱ्या मुलांचेही पालक येतात. काही मुलं भूमिकेत शिरल्यावर किंवा गाताना कमी अडखळतात हे खरं, पण नाटक हा त्यावरचा उपचार नाही. वाचातज्ज्ञाकडे जा, आणि सोबत नाटकही चालू ठेवा.

5. साठी उलटली. आता उशीर झाला का? पाठांतर होईल का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. कोपऱ्यात घेऊन.

उशीर झालेला नाही. पाठांतराचं म्हणाल तर पाढ्यांसारखं घोकायला गेलात तर विशीतल्या पोरालाही जड जातं. नट वाक्यं तशी पाठ करत नाहीत. हे पात्र आत्ता हे का बोलतंय, समोरच्याकडून त्याला काय हवंय, हे धरलं की वाक्य मागोमाग येतं. त्याला हालचाल जोडली की आणखी पक्कं होतं. "अहो, ऐकलंत का" म्हणताना तुम्ही खिडकीपाशी वळता हे ठरलं, की वळलात तरी वाक्य आठवतं. अमेरिकेतल्या हेल्गा आणि टोनी नाईस या संशोधक जोडप्याने (टोनी स्वतः नट) यावर बरंच काम केलं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 60 ते 86 वयाच्या लोकांना सुमारे महिनाभर अभिनयाचे वर्ग दिले. ज्यांना काहीच शिकवलं नव्हतं त्यांच्यापेक्षा या लोकांची स्मरणाच्या आणि प्रश्न सोडवण्याच्या चाचण्यांतली प्रगती जास्त झाली. याचा अर्थ नाटकाने विस्मरणाचा आजार बरा होतो असा काढू नका. शिकण्याची क्षमता शिल्लक असते, एवढाच काढा.

सुरुवात नाट्यवाचनाने करा. हातात संहिता, बसायला खुर्ची, पाठांतराची कटकट नाही. ज्येष्ठ नागरिक संघात सहा जण जमले तरी होतं. वाचनात आवाजाचं काम कळतं: कुठे श्वास घ्यायचा, शेवटचा शब्द गिळायचा नाही, विनोदी वाक्यानंतर हशाला जागा ठेवायची. गळा असेल तर नाट्यपदं शिका. पद म्हणणं आणि नाटकात उभं राहून पद म्हणणं यांतला फरक शिकण्यात दोन-तीन वर्षं मजेत जातात.

उभ्या नाटकात याल तेव्हा दिग्दर्शकाला आपल्या तब्येतीचं खरं सांगा. गुडघा वळत नसेल तर जमिनीवर बसण्याचा प्रवेश बदलता येतो. अंधार झाल्यावर विंगेत (रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड) जाताना मोठी माणसं पडतात, म्हणून कडेला चमकणारी पट्टी चिकटवून घ्या आणि पहिले काही दिवस कुणाला तरी हात धरायला सांगा. रक्तदाबाची रात्रीची गोळी तालमीच्या नादात चुकते, तिचा गजर लावा.

6. नोकरी आहे, घर आहे. किती वेळ द्यावा लागतो?

दोन अंकी नाटकाला साधारण दीड-दोन महिने, रोज रात्री दोन-अडीच तास. एकांकिकेला महिनाभर. "मी फक्त शनिवार-रविवार येईन" हे चालत नाही, कारण तुमच्या समोरच्या माणसाची तालीम तुमच्याशिवाय होत नाही. तेवढा वेळ नसेल तर सरळ नाट्यवाचन किंवा मागचं काम घ्या.

बायकांकडून याच प्रश्नाची वेगळी बाजू येते: रात्री उशिरा परतणं आणि घरच्यांची नाराजी. चांगली संस्था तालमीची वेळ आधी लेखी कळवते, ठरलेल्या वेळी सोडते आणि घरापर्यंत सोबत बघते. जिथे "आज बघू, बारा वाजतील" असं चालतं तिथली शिस्तच कच्ची, आणि ते पुरुषांसाठीही वाईटच.

7. अभिनय करायचा नाही, पण नाटकात राहायचंय. काही काम आहे का?

कामच काम आहे. माणसंच मिळत नाहीत.

नेपथ्य, प्रकाश, पार्श्वसंगीत, वेशभूषा, रंगभूषा, रंगमंच व्यवस्था, तिकीट-हिशेब. यातलं काहीही कुठल्याही वयात शिकता येतं, आणि शिकायला लागलात की तुमचं जुनं कौशल्य उपयोगी पडतं. शिवणकाम येणारी आजी प्रवेशांमधल्या अंधारात नऊवारी बदलता येईल अशी शिवून देते. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस प्रकाशयोजनेत दोन प्रयोगांत तयार होतो.

सर्वांत कमी कौतुक होणारं काम म्हणजे प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळणं. विंगेत एक टेबल असतं, त्यावर कागद चिकटवून प्रत्येक वस्तूची चौकट आखलेली: चष्मा, पत्र, पिस्तूल, अर्धा भरलेला पाण्याचा तांब्या. वस्तू वापरून झाली की परत तिच्याच चौकटीत. पहिल्या घंटेआधी एक नजर टाकली की काय नाही ते कळतं. दुसऱ्या अंकात वाचायचं पत्र पहिल्या अंकातच नटाच्या खिशात घरी गेलं तर काय होतं, ते एकदा अनुभवलेला माणूस ही चौकट कधी सोडत नाही.

प्रॉम्प्टिंग, म्हणजे विंगेतून वाक्य सुचवणं, हेही तसंच. नट अडला की सुटका करायची, पण तो मुद्दाम थांबला असेल तर तोंड बंद ठेवायचं. हे अंतर ओळखायला नाटक आतून कळावं लागतं. म्हणून नवोदित दिग्दर्शकांना आम्ही आधी एक नाटक प्रॉम्प्टिंगला बसवतो.

8. माझी भाषा गावाकडची आहे. शुद्ध बोलता येत नाही. नाटकात घेतील का?

"शुद्ध" हा शब्द सोडून द्या. भूमिकेला जी भाषा लागते ती यायला हवी, आणि बोली बोलणाऱ्याला एक जास्तीची येते. प्रमाण मराठी सरावाने येते, रोज मोठ्याने वर्तमानपत्र वाचा. उलट शहरातल्या माणसाला बोलीचा हेल शिकताना घाम फुटतो.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागातली झाडीपट्टी रंगभूमी बघून या. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, वडसा हे तिचं मुख्य ठाणं, नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं आणि गावोगावचे लोक तिकीट काढून बघतात. या रंगभूमीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. तिकडे कुणी विचारत नाही की तुमचा 'ण' कसा आहे.

9. आमच्या गावात नाट्यगृहच नाही. मग?

मग अडलंय कुठे? सिंधुदुर्गातला दशावतार देवळासमोर होतो. मागे पडदा, पुढे एक बाक, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. तो बाकच कधी सिंहासन, कधी पर्वत. लिहिलेली संहिता नसते. कथानक आधी ठरतं आणि संवाद कलाकार जागेवर बोलतात. शिकणाऱ्याला हे फार मोलाचं, कारण समोरचा काय बोलेल ते माहीत नसल्याने ऐकावंच लागतं (प्रश्न 3 मधला आरसा आठवा). गोव्यातही देवळांच्या उत्सवात गावकरी स्वतः मराठी नाटकं करतात. वडील, मुलगा, नातू एकाच नाटकात, असं तिथे नवलाचं नाही.

शाळेचा वर्ग, समाजमंदिर, वाड्याची ओसरी, कुठेही चालतं. फक्त दोन गोष्टी बघा: शेवटच्या माणसाला तोंड दिसतंय का, आणि शेजारी लग्नाचा डीजे नाही ना.

10. रीतसर शिकायचं तर कुठे? वयाची अट असते का?

पूर्ण वेळचं शिक्षण घ्यायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आणि गोवा कला अकादमीचं नाट्य विद्यालय आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तिथे पदवी आणि नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो, आणि प्रवेशासाठी 18 ते 30 ही वयोमर्यादा आहे. इतर ठिकाणच्या अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा, बदलत असतात.

चाळिशीनंतर पदवीच्या मागे लागू नका, असं माझं मत. त्या वयात अल्पमुदतीची कार्यशाळा आणि एक चांगली संस्था पुरते. कॉलेजात असाल तर एकांकिका स्पर्धा सोडू नका. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे आणि मराठीतले कितीतरी नट-दिग्दर्शक पहिल्यांदा तिथे उभे राहिले.

11. सोसायटीच्या गणपतीत एक जुनं नाटक करायचंय. लेखकाची परवानगी लागते का?

आधी लेखक कधी वारले ते बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं प्रताधिकार राहतो. म्हणजे किर्लोस्कर, देवल, राम गणेश गडकरी (निधन 1919), कृ. प्र. खाडिलकर (निधन 1948) यांची नाटकं मोकळी आहेत. आचार्य अत्रे 1969 मध्ये गेले, त्यांची 2029 अखेरपर्यंत हक्कात. पु. ल. देशपांडे 2000 मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या बाबतीत अजून बरीच वर्षं आहेत. आणि मूळ नाटक मोकळं असलं तरी अलीकडच्या कुणी केलेली त्याची रंगावृत्ती (प्रयोगासाठी नव्याने बेतलेली संहिता) किंवा भाषांतर मोकळं नसतं. इथे लोक हमखास फसतात.

प्रताधिकार कायद्यातच काही सवलती आहेत. हौशी मंडळाने तिकीट न घेता केलेला प्रयोग किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हा भंग धरला जात नाही. शाळा-कॉलेजच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे केलेल्या प्रयोगालाही अशी मोकळीक आहे. पण चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकलं की ही सवलत लागू राहील असं धरून चालू नका. संहितेत हवी तशी कापाकापी करण्याची मुभाही त्यात नाही.

एवढं असूनही आमचा सल्ला: विचारा. हयात लेखकाला किंवा वारसांना फोन करा, जमेल तेवढं मानधन द्या. हौशी मंडळांना "करा हो, बिनधास्त करा" म्हणणारे लेखक खूप आहेत. न विचारता केलेलं कळल्यावर चिडणारेही तेच.

12. आणि सेन्सॉरचं काय?

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. राज्य स्पर्धेच्या प्रवेशिकेसोबत ते आणि लेखकाचं परवानगीपत्र मागतात. नवीन संहिता असेल तर अर्ज लवकर करा. तालीम पूर्ण आणि कागद अपुरा, ही दरवर्षीची रडकथा आहे.

13. शिबिरातून मुलाला मालिकेसाठी विचारलंय. पाठवू का?

तुमचं मूल, तुमचा निर्णय. पण नियम माहीत असू द्या. चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी 2017 चे केंद्रीय नियम आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, शाळेत खंड पडू द्यायचा नाही, सलग 27 दिवसांहून जास्त काम नाही, आणि मिळकतीचा किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावाने बँकेत ठेवायचा. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. ती दाखवा म्हटल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे पाठवू नका.

14. माझ्या मुलाला दिसत नाही (किंवा ऐकू येत नाही, चालता येत नाही). त्याला घ्याल?

हो. राज्य स्पर्धेत दिव्यांग बालनाट्यांसाठी वेगळा विभागही आहे. आम्हाला मिसळून काम करणं जास्त आवडतं. न दिसणाऱ्या नटासाठी चटईखाली सुतळी अंथरतो, पायाला ती लागली की रंगमंचाची कड जवळ आली. ऐकू न येणाऱ्याला प्रवेशाची खूण आवाजाने न देता प्रकाशाने किंवा समोरच्या नटाच्या हालचालीने द्यायची. चाकाची खुर्ची असेल तर त्रास रंगमंचावर नसतो. तिथवर जाणाऱ्या पायऱ्यांचा असतो. त्यामुळे जागा आधी बघून घ्यावी लागते, पालकांनी आठवडाभर आधी कळवलं तर बरं.

15. दिग्दर्शक सगळ्यांसमोर फाडफाड बोलतो. नाटकात असं चालतंच म्हणतात. खरं का?

चालत आलंय, हे खरं. चालायला हवं असं नाही. काम न आल्यावर आवाज चढणं एक, आणि कुणाच्या रंगावर, जातीवर, शरीरावर बोलणं वेगळं. दुसरं दिसलं की त्याच दिवशी संस्थेच्या इतर पदाधिकाऱ्यांना सांगा, फरक पडला नाही तर निघा. मुलांच्या बाबतीत तर वाट बघू नका. तालमीच्या जागी पालकांना कधीही डोकावता आलं पाहिजे. दार आतून लावून तालीम घेणाऱ्या शिबिरात मूल ठेवू नका, नाव कितीही मोठं असो.

16. आम्ही परदेशात आहोत. मुलांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्यांना नाटक कसं शिकवायचं?

वाचायला लावूच नका. संवाद फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, ऐकून पाठ करू द्या. पण घरातल्या कुणाच्या तरी साध्या आवाजात, नाहीतर ती हेलासकट नक्कल उचलतात. रोमन लिपीत लिहून देणारे 'त' आणि 'ट'मध्ये मुलांना अडकवतात. स्थानिक महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात एखादा प्रवेश करा. उत्तर अमेरिकेत असाल तर बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं, तिथे तिकडच्या मराठी संस्थांची नाटकंही होतात. मुलांना भूमिका देताना त्यांच्या रोजच्या जगण्यातलं काहीतरी द्या: आजीशी व्हिडिओ कॉल, शाळेत डबा उघडल्यावरचा प्रसंग. संवाद त्यांनाच जुळवू द्या, मधे इंग्रजी आलं तरी पहिले काही दिवस टोकू नका.